बोनेर: दुसरी फेरी, निवांत, दोघांसाठी

निळाई
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा पुन्हा एकदा बोनेरला, कॅरिबियनमधल्या डच बेटावर, जायचं म्हणतोय, दोनेक आठवडे. राहतो नेदरलँड्समध्ये ॲमस्टलवेनला, त्यामुळे विमान थेट मिळतं. बेटाची तोंडओळख झालेली आहे, आता "हे राहिलं, ते राहिलं" करत फिरायचं नाही. तो डाइव्ह करतो, मी फक्त स्नॉर्केल करते, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून वरूनच बघते. खोल पाण्याची भीती नाही, पण दगडगोट्यांवरून लाटांत शिरणं गुडघ्यामुळे जड जातं. तिकिटं काढलेली नाहीत. फेब्रुवारी की सप्टेंबर, हाही प्रश्नच आहे. जाणकारांनी राहण्याची जागा, दोघांना एकत्र उतरता येतील असे किनारे, गाडी आणि स्वयंपाक यांबद्दल सांगावं. प्रवाळांच्या रोगाबद्दल वाचलं, त्याचंही सांगा.

खारवी
आधी महिना ठरवा, बाकीचं सगळं त्यावर ठरतं. बोनेर १२ अंश उत्तरेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किमीवर. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेचा. म्हणून पश्चिम किनारा वाऱ्याआड आणि शांत. पूर्व किनारा उघडा, तिथे काठावरून लाटा बघायच्या, लाक उपसागर सोडला तर पाण्यात पाय घालायचा नाही.

फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत वारा जोरात असतो. पश्चिमेलाही त्याचा परिणाम जाणवतो, विशेषतः मिठाच्या धक्क्याच्या (जहाजांत मीठ भरायची जेट्टी) दक्षिणेला. तिथे बेट निमुळतं आणि सखल आहे, लाट टोकाला वळसा घालून आत येते. फेब्रुवारीत पाणी २६ अंशांच्या आसपास. शिवाय साधारण नोव्हेंबर ते एप्रिल क्रूझ जहाजांचा हंगाम.

सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडतो, पाणी २९-३० अंशांपर्यंत जातं, दृश्यमानता सुंदर, गर्दी कमी. पण उकाडा होतो आणि डास वाढतात. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, तरी शेकडो किलोमीटरवरून जाणारं वादळ पश्चिमेकडून लाटा पाठवू शकतं. १९९९ मध्ये लेनी आणि २००८ मध्ये ओमार ह्यांनी असंच केलं आणि उथळ पाण्यातले प्रवाळ मोडून टाकले. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावर उतरणं चार दिवस विसरायचं.

तुमच्या गुडघ्याकडे बघून मी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर म्हणेन. पाण्यात शिरण्याचा त्रास लाटेमुळे होतो, आणि लाट तेव्हा सगळ्यात कमी असते. एक गोष्ट कोकणापेक्षा सोपी: भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एका फुटाचा, त्यामुळे तिथी बघून पाण्यात जायची गरज नाही.

वासंती_प
खारवींशी महिन्याबद्दल अर्धी सहमत. ऑक्टोबरात पाणी सगळ्यात गरम असतं आणि प्रवाळ पांढरे पडतात तेही तेव्हाच. २०२३ सारखं वर्ष आलं तर पाण्याखाली फिकट वसाहती बघून मन खट्टू होतं. मे-जूनचा विचार करा. वारा असतो, पण क्रूझ जहाजं जवळपास संपलेली असतात आणि पाणी २७-२८ अंशांवर असतं. वाऱ्यामुळे डासही कमी.

फेब्रुवारीतच जायचं ठरलं तर क्रूझ जहाजांचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते छापून फ्रिजवर लावा. जहाज लागलेलं असेल त्या दिवशी क्रालेंडाइक गाव, क्लाइन बोनेर (समोरचं छोटं निर्जन बेट) आणि सोरोबोन (लाक उपसागराचा किनारा) टाळायचं. उत्तरेचं राष्ट्रीय उद्यान किंवा रिंकॉन गाव त्या दिवसासाठी ठेवायचं.

डोंगरपाणी
गुडघ्याचा प्रश्न महिन्यापेक्षा जागेने जास्त सुटतो. गावाच्या उत्तरेला कया गोबेर्नाडोर देब्रोट रस्त्यावर समुद्राला लागून राहण्याच्या बऱ्याच जागा आहेत, ज्यांना स्वतःची जेट्टी आणि शिडी असते. तिथे राहिलात तर रोज सकाळी चहा झाला की शिडीवरून थेट दीड माणूस खोल पाण्यात. दगड नाहीत, लाट नाही. प्रवाळाची कड तिथून वीस-तीस मीटरवर सुरू होते. बारी रीफ ह्याच पट्ट्यात आहे, आणि माशांच्या प्रजातींच्या नोंदींसाठी ती डायव्हर लोकांत प्रसिद्ध आहे. नवऱ्याने सिलिंडर घेऊन खाली जायचं, तुम्ही वरून त्याचे बुडबुडे बघत सोबत राहायचं.

खोली ठरवताना विचारायच्या गोष्टी: शिडी पाण्याखाली किती पायऱ्या जाते (तीन तरी हव्यात, नाहीतर फिन्स (पोहायचे पंखे) काढून वर येताना गुडघ्यावरच जोर येतो), साहित्य धुवायला गोड्या पाण्याची टाकी आहे का, सिलिंडर जेट्टीवर मिळतात की गाडीने आणायचे, आणि स्वयंपाकघरात किती शेगड्या आहेत.

पाकट
किनाऱ्यावरून उतरायचंच असेल तर पद्धत नीट पाळा. बोनेरच्या पश्चिम किनाऱ्याची रचना ठरलेली आहे: काठावर मेलेल्या प्रवाळांचे तुकडे किंवा धारदार खडक, मग गुडघाभर पाण्यात शेवाळलेली सपाटी, मग वाळूचा उतार, आणि ७ ते १० मीटर खोलीवर प्रवाळाची कड. पडायला होतं ते त्या शेवाळलेल्या सपाटीवर.

१. जाड तळव्याचे निओप्रीन बूट आणि मागे पट्टा असलेले फिन्स. पायात मोज्यासारखे बसणारे बंद फिन्स इथे निरुपयोगी.
२. काठावर थांबून लाटांचा क्रम बघा. तीन-चार मोठ्या येतात, मग शांत वेळ मिळते.
३. मास्क आधीच लावा, फिन्स हातात. एकमेकांचा दंड धरून आडवं, खेकड्यासारखं चाला. पाय उचलायचा नाही, सरकवायचा.
४. कमरेइतकं पाणी आलं की लगेच तरंगा आणि तरंगत फिन्स चढवा. उभं राहून चढवायला गेलं की तोल जातो.
५. बाहेर येताना उलट करा: अगदी उथळ पाण्यापर्यंत पोहत या, मगच फिन्स काढा. लोक दमलेले असतात म्हणून लवकर उभे राहतात आणि नेमके तिथेच घसरतात.

हातमोजे वापरायला सागरी उद्यानात बंदी आहे, कारण हातमोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो. आधाराला जोडीदाराचा हातच.

निळाई
पाकट, आडवं चालण्याचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. डोंगरपाणी, शिडीच्या पायऱ्यांचा प्रश्न लिहून घेतला. आता जेट्टी सोडून दोघांना जमतील अशा जागा सांगाल का?

पाकट
रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर जागेचं नाव. तुम्हाला ते माहीतच असेल. त्यातल्या निवडक सांगतो.

मिठाचा धक्का: डायव्हर आणि स्नॉर्केलर दोघांना सारखाच आनंद देणारी बेटावरची पहिल्या क्रमांकाची जागा. खांब उथळ पाण्यापासून सुरू होतात, त्यांवर नारिंगी-पिवळे स्पंज, मधून तिरपी उन्हं. जहाज लागलेलं असेल तर उतरायला सक्त मनाई, त्यामुळे निघण्याआधी दुकानात विचारा. सकाळी नऊ ते अकरा प्रकाश उत्तम. पाण्यात शिरताना थोडे खडक आहेत, पण उतार हळूहळू आहे.

टोरीज रीफ: मिठागराच्या कालव्याशेजारी. आत शिरायची जागा बऱ्यापैकी आडोशाची, उथळ. फक्त परतताना तीच चिंचोळी वाट सापडली पाहिजे, म्हणून काठावरची खूण आधी मनात ठेवा.

ऑइल स्लिक लीप: खडकावरून उडी मारून आत, शिडीने बाहेर. उडी गुडघ्याला चालत असेल तर ठीक. नाहीतर शिडीनेच उतरा.

थाउजंड स्टेप्सच्या पायऱ्या मोजल्या तर सत्तरच्या आसपासच भरतात, पण ओलं साहित्य घेऊन चढताना त्या हजार वाटतात. तुम्ही हे सोडून द्या. खाली जे दिसतं ते शेजारच्या सोप्या जागांवरही दिसतं.

हिल्मा हूकर हे जहाज १२ सप्टेंबर १९८४ ला बुडालं, ७२ मीटर लांब, एका कुशीवर सुमारे ३० मीटरवर पडलंय. ही नवऱ्यासाठी एकट्याची जागा, म्हणजे दुसरा डायव्हर सोबत घेऊन. वरून स्नॉर्केल करणाऱ्याला स्वच्छ दिवशी आकृती दिसते, त्यापलीकडे काही नाही. ३२ टक्के नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) घेतलं तर ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या मर्यादेने ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, एवढं लक्षात ठेवायला सांगा.

सोनचाफा
क्लाइन बोनेर विसरू नका, निळाई. स्नॉर्केलिंगसाठी तुमच्यासारखीला ह्याहून चांगलं काही नाही. वॉटर टॅक्सी गावातून सुटते. नो नेम बीचवर उतरवतात, पण आधीच सांगितलं तर प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाण्यातच सोडतात. मग काही करायचं नाही, प्रवाह तुम्हाला प्रवाळाच्या कडेकडेने बीचपर्यंत आणून सोडतो. पाऊण ते एक तास. बीच दिसला की वेळेवर किनाऱ्याकडे वळा, पुढे वाहून गेलं तर प्रवाहाविरुद्ध पोहत यावं लागतं.

तिथे सावली नाही, पाणी नाही, संडास नाही. दीड लिटर पाणी माणशी, लांब बाह्यांचा स्विमशर्ट, टोपी. आणि बीचवर काठ्यांनी वेढलेली जागा दिसली तर ती कासवांची घरटी आहेत. छत्रीचा दांडा वाळूत खुपसू नका, टॉवेल पाण्याजवळ पसरा. त्या बेटावर माणसांची वस्ती नाही, १९९९ मध्ये ते खासगी मालकीतून परत घेतलं म्हणून आज तिथे हॉटेलं नाहीत. ह्याबद्दल बोनेरच्या लोकांचं करावं तितकं कौतुक थोडं.

खारवी
नियमांचं सांगून टाकतो, दुसऱ्यांदा जाणारे इथेच गाफील राहतात.

अनिवासी प्रौढांना बेटावर यायचा कर ७५ डॉलर (जुलै २०२२ पासून). सागरी उद्यानाची नेचर फी ४० डॉलर, ही डायव्हर आणि स्नॉर्केलर दोघांनाही. दोन्ही घरूनच ऑनलाइन भरा, भरताना चालू आकडा बघा, पावती फोनमध्ये आणि एक कागदावर ठेवा. चलन २०११ पासून अमेरिकी डॉलर आहे, नेदरलँड्सचा भाग असूनही युरो नाही. लहान नोटा न्या.

डायव्हरला दुकानात माहितीसत्र आणि पहिली तपासणी डाइव्ह करावीच लागते. मागे केली होती असं सांगून सुटका नाही. त्याचा उपयोग पट्ट्यातलं शिशाचं वजन जुळवायला करा: सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना ५ मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. अॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर रिकामा होत जाईल तसा हलका होतो आणि शेवटी वर ओढतो, साधारण दोन किलोने. भरलेल्या सिलिंडरवर वजन ठरवणारे मग सुरक्षा थांब्याला (वर येताना ५ मीटरवर थांबायचं ते) वर तरंगतात.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून बंद. वाळू, शिंपले, मेलेला प्रवाळ यांतलं काही घेऊन यायचं नाही.

वासंती_प
प्रवाळांच्या रोगाबद्दल. कठीण प्रवाळांचं मांस झडवणारा हा रोग बोनेरला मार्च २०२३ मध्ये दिसला. मेंदूसारखे दिसणारे गोल प्रवाळ, खांबासारखे उभे वाढणारे, चक्रव्यूहासारख्या नक्षीचे, यांना तो झपाट्याने खातो. ज्या वसाहतीला वाढायला शतक लागलं ती काही आठवड्यांत पांढरी पडते. हरणशिंगी आणि सांबरशिंगी प्रवाळांना हा रोग होत नाही.

रोग पाण्यातून पसरतो आणि ओल्या साहित्यातूनही जाऊ शकतो. म्हणून दुकानांत जंतुनाशकाचे टब असतात. क्रम असा: आधी वाळू झटकून काढा, मग टबमध्ये सांगितलेली मिनिटं बुडवा, मग गोड्या पाण्यात धुवा, मग पूर्ण वाळवा. बीसीडीच्या (हवा भरायचं डाइव्हिंग जॅकेट) आतलं पाणीही काढून टाका, ते हमखास राहून जातं. धुतलेलं पाणी समुद्रात किंवा समुद्राकडे जाणाऱ्या गटारात ओतू नका. एखादी जागा बंद असल्याची पाटी दिसली तर पुढे जा. तुम्ही मागे बघितलेले काही मोठे प्रवाळ आता नसतील, याची तयारी ठेवून जा. मासे मात्र भरपूर आहेत, पोपटमासा मारायला २०१० पासून बंदी आहे त्याचा फायदा दिसतो.

रानमोगरा
गाडी: दोघांसाठी डबल कॅबिन पिकअपची सक्ती नाही. सिलिंडर जेट्टीवरच मिळत असतील तर छोटी गाडी पुरते, पेट्रोल आणि भाडं वाचतं. राष्ट्रीय उद्यानात जायच्या एका-दोन दिवसांपुरती उंच गाडी घ्या.

घेताना सुट्ट्या चाकाची हवा, जॅक आणि पान्याची जागा स्वतः उघडून बघा. प्रवाळाच्या धारदार खडीने टायर फाटतात, आणि टायर-काच बहुतेक विम्यांत नसते. गाडी उजव्या बाजूने, गावात ४०, बाहेर ६०. सिग्नल एकही नाही, पण रस्त्यात गाढवं आणि बोकडं असतात, रात्री सावकाश. किनाऱ्याचा उत्तरेकडचा रस्ता पुढे एकदिशा होतो. त्या भागात शिरल्यावर मागे फिरता येत नाही, रिंकॉनमार्गे यावं लागतं. पेट्रोल आणि वेळ त्या हिशेबाने ठेवा.

डोंगरपाणी
रानमोगरा, चोरीचं राहिलं. किनाऱ्यावर उभ्या गाड्या फोडल्या जातात. तिथली रीत अशी की गाडीत काहीच ठेवायचं नाही, काचा खाली आणि दारं उघडी. काच फुटण्यापेक्षा बरं.

रानमोगरा
हे भाडेकरारात काय लिहिलंय त्यावर आहे. काही करारांत कुलूप न लावता ठेवलेली गाडी चोरीला गेली तर विमा नाही. म्हणून गाडी घेतानाच विचारा आणि उत्तर करारावर लिहून घ्या. किल्ली इलेक्ट्रॉनिक असेल तर पाण्यात चालत नाही. साधी किल्ली मागा किंवा जलरोधक डबी न्या, आणि ती डबी आधी रिकामी बुडवून तपासा. फोन, पासपोर्ट, पाकीट खोलीवर. सोबत न्यायचं ते जुना टॉवेल, पाणी, थोडे डॉलर, परवान्याची झेरॉक्स.

शेवंती
स्वयंपाकावर कुणी लिहिलं नाही, मी लिहिते. बेटावर वीज १२७ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि प्लग अमेरिकी चपटे. भारतातला किंवा नेदरलँड्समधला २३० व्होल्टचा मिक्सर, इंडक्शन, छोटी किटली तिथे नीट चालत नाही. किटलीला पाणी उकळायला फार वेळ लागतो, इंडक्शन सुरूच होत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर १००-२४० चे असतात, ते चालतात. म्हणून वाटण घरूनच: कांदा-खोबऱ्याचं सुकं वाटण भाजून पूड करून, गोडा मसाला, कोकम किंवा आगळ, हिंग. तीन लिटरचा कुकर सामानात बसतो, आधी शेगडी गॅसची आहे का विचारा. काचेच्या सपाट विजेच्या शेगडीवर गोल बुडाचं भांडं तापत नाही.

डच सुपरमार्केटमध्ये दही, पनीरसारखं चीज, नारळाचं दूध, मसूर, तांदूळ मिळतात. भाज्या बाहेरून येतात आणि महाग, म्हणून जहाज-विमानाचा माल कधी लागतो ते दुकानात विचारून त्या दिवशी जा. कोबी, भोपळा, गाजर टिकतात. पालेभाजी आणली त्याच दिवशी संपवा. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं आणि पिण्यायोग्य, बाटल्या विकत घेऊ नका.

बाहेर खायचं तर सुरिनामी रोटी शोधा: बटाटा, लांब चवळीच्या शेंगा, अंडं किंवा कोंबडी. १८७३ पासून भारतातून सुरिनामला गेलेल्या मजुरांची ही चव डच वसाहतींतून इकडे आली. स्थानिक जेवणात फुंची, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि काब्रितू स्तोबा, म्हणजे बोकडाचं मंद शिजवलेलं कालवण. लायनफिश मिळाला तर अवश्य खा. हा मासा बाहेरून आलेला, २००९ मध्ये बोनेरला पोहोचला आणि प्रवाळावरची पिल्लं फस्त करतो.

सोनचाफा
दोघांसाठी एक खास गोष्ट, पौर्णिमा बघून तारखा ठरवा. पौर्णिमेनंतर दुसऱ्या ते पाचव्या रात्री, सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आधी, ऑस्ट्राकॉड नावाचे तीळभर कवचधारी जीव मादीला बोलावायला निळे ठिपके सोडतात. ठिपक्याखाली ठिपका, मोत्यांच्या सरीसारखे. जेट्टीजवळ मऊ प्रवाळांच्या वर, तीन ते पाच मीटर खोलीच्या पाण्यात शिरा, सगळे टॉर्च बंद करा, डोळ्यांना दहा मिनिटं द्या. स्नॉर्केलवर सुरेख दिसतं, म्हणजे दोघांना बरोबरीने. शिडीची दिशा कळायला शिडीवर मंद दिवा बांधून ठेवा, तोंड किनाऱ्याकडे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर पौर्णिमेनंतर सहाव्या-सातव्या रात्री, नऊ-साडेदहाच्या सुमारास प्रवाळ बीजं सोडतात. ते बघायला मार्गदर्शक घ्याच.

वासंती_प
डाइव्ह नसलेल्या निवांत दिवसांसाठी तीन गोष्टी. लाक उपसागर: सोरोबोनला पाणी कमरेइतकं, तळ वाळूचा, वारा किनाऱ्याकडे. विंडसर्फिंग पहिल्यांदा शिकायला म्हणूनच सोपं. खारफुटीत कयाकने सकाळी लवकर जा, नंतर वारा वाढतो आणि परत येताना खांदे भरून येतात. मुळांमध्ये पाय टेकवू नका, तळाला उलटी पडलेली जेलीफिश असते. पूर्वेकडून सरगॅसमचं शेवाळ आलेलं असेल त्या दिवशी हा बेत बदला.

वॉशिंग्टन-स्लागबाय उद्यान: लांब रस्ता ३४ किमी, छोटा २४. कच्चा आणि एकदिशा. सकाळी दार उघडताच आत जा, दुपारनंतर घेत नाहीत. ब्रँडारिस टेकडी २४१ मीटर, निळाईंच्या गुडघ्याला नको. त्याऐवजी छोट्या रस्त्याने बोका स्लागबायला जाऊन तिथे दुपार घालवा. नेचर फीची पावती आणि ओळखपत्र दारावर दाखवावं लागतं.

दक्षिणेची मिठागरं: गुलाबी पाणी, फ्लेमिंगो, आणि समुद्रालगत गुलामांच्या झोपड्या, १८५० सालच्या. माणूस सरळ उभा राहू शकत नाही इतक्या बुटक्या. मिठावर राबणाऱ्यांची घरं रिंकॉनला होती, आठवड्याच्या शेवटी कित्येक तास चालून ते बायकापोरांकडे जायचे. कॅरिबियनमधल्या डच वसाहतींत गुलामगिरी १ जुलै १८६३ ला संपली. तिथे गाडी थांबवा, आत वाकून बघा. फ्लेमिंगोंचं प्रजननक्षेत्र बंद आहे, रस्त्यावरूनच दुर्बिणीने बघायचं, गाडीतून उतरलं की ते उडतात.

निळाई
केवढी माहिती दिलीत! जूनचा पहिला पंधरवडा आणि पौर्णिमा आत बसेल असं ठरवतोय, जेट्टीवाली जागा नक्की. शेवटचा प्रश्न: परतीच्या आधीचे दोन दिवस कसे लावावेत?

खारवी
उलट मोजा. अनेक दिवस लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास पाण्याबाहेर, आणि निवांतच जायचंय तर २४ ठेवा. कुरसावला जाणाऱ्या छोट्या विमानालाही हाच नियम. स्नॉर्केलिंगला ही अट नाही, त्यामुळे शेवटची सकाळ तुमची, त्याने वर बसून तुम्हाला बघायचं. सांध्यांत दुखणं, मुंग्या, विलक्षण थकवा असं काही वाटलं तर विमान सोडा, क्रालेंडाइकच्या रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर (अशा त्रासावर वाढीव दाबाखाली उपचार करायची खोली) आहे.

साहित्य निघायच्या आदल्या दुपारी धुवा. बूट आणि बीसीडी वाळायला सगळ्यात वेळ लागतो, वाऱ्यात पण सावलीत उलटे टांगा. रेग्युलेटरच्या (श्वासयंत्राच्या) सिलिंडरला जोडायच्या भागाची, म्हणजे पहिल्या टप्प्याची, टोपी बसवून मगच बुडवा. वजनं जेट्टीवर परत करून त्याची सही घ्या, आणि गाडीत पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरून टाका.